त्रेसष्ट की साठ तीन?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' आलं आणि मराठी बुडाल्याची हाकाटी सुरू झाली. मंगला नारळीकरांच्या समितीचा मुद्दा साधा होता: कानावर 'त्रे' आधी पडतं, पाटीवर मात्र सहा आधी लिहायचे असतात, मूल ३६ लिहून मोकळं होतं. कानडी-तेलुगूत दशक आधीच येतं. जुनी नावं पुस्तकातून काढलेलीही नव्हती. तरी एक अडचण उरतेच. बाजारात भाजीवाली 'त्रेसष्ट'च म्हणणार. तिथवरचा पूल वर्गात शिक्षकांनाच बांधावा लागतो. वाद रंगला तो अस्मितेचा. ज्या मुलाच्या ३६ आणि ६३ची अदलाबदल होते, त्याच्या पाटीकडे फारसं कुणी पाहिलं नाही.