ताणलेला बीम, सैल बीम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागाशेजारी पाच मिनिटे उभे राहा. मागावर ताण्याचे बीम दोन असतात. एक घट्ट ताणलेला, कापडाला बळ देणारा. दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. पहिले दोन आडवे धागे फणी थोडे मागेच ठेवते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोका मारून तिन्ही एकदम पुढे सरकवते. घट्ट ताणा जागचा हलत नाही, सैल ताण्याचे वेटोळे मात्र वर उठतात. पाणी टिपतात ते हेच वेटोळे. ठोक्याची वेळ चुकली, तर दोन्ही बीम चांगले असूनही टॉवेल होत नाही.

हाड छापू पाहणारे संशोधन आज नेमके या ठोक्यापाशी अडले आहे.

मांडीच्या हाडाचे कठीण कवच दर चौरस मिलिमीटरला साधारण 10 ते 20 किलो दाब सोसते. पेशींना मानवणारी जैवशाई, म्हणजे जिलेटिन किंवा समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटचे जेल, काही ग्रॅमांच्या भारानेच दबते. शाई घट्ट केली, तर नोझलमधून ढकलताना पेशी मरतात. पातळ ठेवली, तर थरावर थर उभा राहत नाही. म्हणून कित्येक प्रयोगशाळांनी दोन बीमचा मार्ग धरला. साधारण 60 अंशांना वितळणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकचा सांगाडा आधी छापायचा आणि त्याच्या पोकळ्यांत पेशींचे जेल भरायचे. पोकळ्या 100 मायक्रॉनहून मोठ्या हव्यात, 300 च्या आसपास असल्या तर उत्तम, कारण हाडाबरोबर रक्तवाहिन्याही आत शिरायच्या असतात. केशवाहिनीपासून 200 मायक्रॉनपलीकडे राहिलेली पेशी उपासमारीनेच मरते.

इथवर प्रगती खरी आहे. पण सांगाडा विरघळायचा केव्हा? पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर भार तोच पेलत राहिला, तर नव्या हाडावर ताण येत नाही, आणि ताण न आलेले हाड विरळ होते. तो लवकर गेला, तर कोवळे हाड मोडते. बहुतेक शोधनिबंध मात्र उंदराच्या कवटीतील पाच ते आठ मिलिमीटरच्या भोकावर थांबतात. त्या कवटीला शरीराचे वजन पेलावे लागत नाही. तिथे भरून आलेले भोक माणसाच्या नडगीबद्दल फारच थोडे सांगते.

दुसरा आक्षेप नावाचा. ‘जैवमुद्रण’ म्हणून मांडल्या जाणाऱ्या बऱ्याच कामांत छापताना पेशी नसतातच. त्यात कमीपणा काही नाही. 2023 च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध नियामकाने सीएमफ्लेक्स या छापील हाडपूरकाला चेहरा व जबड्याच्या हाडांसाठी मान्यता दिली. तो मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा, म्हणजे हाडाच्याच जातीच्या खनिजाचा, आणि त्यात पेशी नाहीत. पेशीविरहित साचा रुग्णापर्यंत आधी पोहोचला, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

महाराष्ट्रातले सर्वांत भरवशाचे काम तर छपाईचेच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रॉइन हे प्रथिन घेतले. कोष उकळून सेरिसिनचा चिकट थर काढायचा, उरलेल्या फायब्रॉइनचे सूक्ष्म कण करायचे आणि ते एकमेकांना जोडून सच्छिद्र साचा घडवायचा. या साच्यावरील त्यांचा निबंध 2018 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. दाबाखालचा ताठरपणा आणि शरीरात सावकाश विरघळणे, हे दोन्ही मुद्दे त्याच्या शीर्षकातच आहेत. रेशीम शल्यचिकित्सेला नवे नाही. टाक्यांचा धागा म्हणून ते फार जुने. याच संशोधनातून पुण्यात सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशीम आणि जिलेटिन एकत्र करून छापण्याजोगी शाईही केली आहे. भारतीय प्रयोगशाळांनी जोर लावावा तो या दिशेने, कारण रेशमाची विरघळण्याची गती प्रक्रियेनुसार कमी-जास्त करता येते. ठोक्याची वेळ इथेच हाती येऊ शकते.

त्यासाठी मेंढीसारख्या मोठ्या, पायावर भार घेणाऱ्या प्राण्यांतील चाचण्या लागतील, आणि निकाल महिन्यांचे नव्हे, वर्षांचे लागतील. तोवर अपघातात हाडाचा तुकडा गमावलेल्या रुग्णासाठी शल्यचिकित्सक ती पोकळी भरायला बहुधा त्याच्याच कमरेचे हाड काढतात, आणि त्या रुग्णाला एकाऐवजी दोन जखमा भरून येण्याची वाट पाहावी लागते.