भय, प्रीती आणि ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची थोरवी सांगताना समीक्षक त्यातील विनोदाचा आणि घरगुती, बोलक्या भाषेचा गौरव करतात. तो यथार्थच आहे. परंतु १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ भयाकडून श्रद्धेकडे निघालेल्या एका जीवाची कहाणीही आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांनी तो त्या दृष्टीने अवश्य वाचावा.

ग्रंथाच्या प्रारंभीच भय उभे आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याने असे पछाडले की, घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय शुद्ध मानली जाईना. लेखिका हे हसत सांगते. पण त्या हसण्याआड एक कठोर सत्य आहे. भ्यालेला मनुष्य धर्माचा आश्रय घेतो, तेव्हा त्याचे नियम वाढतात, शांती वाढत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीजवळ परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते; अन्नपाण्याचा विटाळ त्या पाळतच होत्या. त्यांना जिंकले ते वादाने नव्हे, नरकाच्या धाकानेही नव्हे. टिळक तापट होते, लहरी होते. लेखिका ते लपवीत नाही. तरीही त्या अपुऱ्या प्रीतीच्या सहवासात, जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारू शकल्या. उत्तर सापडताच विटाळाचे भय गळून पडले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रीतीने प्रथम भय सैल केले आणि मग श्रद्धेला वाट मिळाली. संत योहान आपल्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती आणि भय यांचे एकत्र राहणे अशक्य मानतो, ते याच अर्थाने. मग प्रभूचे भय हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक कसे? संत थॉमस अक्वायनस याचा उलगडा करतात. दासाचे भय शिक्षेला भिते. पुत्राचे भय पित्यापासून दुरावण्याला भिते. पहिले प्रीती वाढेल तसे ओसरते, दुसरे प्रीतीबरोबर वाढते.

ग्रंथात एक उणीव जाणवते. बाह्य घटनांचे इतके जिवंत चित्रण करणारी लेखणी अंतरीच्या परिवर्तनापाशी मात्र घाईने पुढे सरकते. प्रार्थनेतील त्यांचा संघर्ष जाणून घेण्याची वाचकाची भूक तशीच राहते. कदाचित हा त्यांचा संकोच असेल.

आता आपल्या घरांकडे पाहू. लेकराने खोड केली की ‘देव शिक्षा करील’ असे आपण सहज बोलून जातो. त्या क्षणी लेकरू गप्प होते, हे खरे. पण मोठेपणी धाक संपल्यावर त्याने मिस्साला का यावे, पापनिवेदनाला का बसावे? दासाचे भय शिकविलेल्या मुलाजवळ याचे उत्तर नसते.

लक्ष्मीबाईंजवळ ते होते. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने ते पुढे लिहून पुरे केले. त्यांच्यावर सक्ती करणारे तेव्हा कोणीही नव्हते.