चित्रकाराचें मनोगत आणि पाळण्याची दोरी

चित्रप्रदर्शनांत गेल्यावर चित्रांकडे पाहण्याबरोबरच तीं पाहणाऱ्या लोकांकडेही थोडा वेळ पाहत उभें राहावें, असा एक नाद मला बऱ्याच वर्षांपासून जडला आहे. त्यांत एक गोष्ट हटकून नजरेस येते. दालनांत शिरलेला सुशिक्षित मनुष्य प्रथम चित्राकडे ओझरतें पाहतो, लागलीच शेजारच्या चिठ्ठीकडे वळतो, ती सावकाश वाचतो, आणि चिठ्ठींत सांगितलेलें चित्रांत खरोखरच आहे एवढी खात्री करून घेऊन पुढें सरकतो. अलीकडे तर प्रदर्शन भरण्यापूर्वींच चित्रकाराचें मनोगत छापून येतें. हें वर्तुळ म्हणजे विश्व, तो तांबडा पट्टा म्हणजे वेदना, असें त्यांत सांगितलेलें असतें. प्रेक्षक तें वाचून येतो आणि परीक्षेस बसल्याप्रमाणें उत्तरें जुळवून घरीं जातो. तीस वर्षें अध्यापन केलेल्या माझ्यासारख्यास हें दृश्य फार ओळखीचें वाटतें. कविता न वाचतां तिचा सारांश पाठ करणारा विद्यार्थी तो हाच!

यावर कोणी म्हणेल, चित्रकारानें बोलूंच नये. त्याचें काम रंगवण्याचें. मला हें म्हणणें पटत नाहीं. ज्या हातानें चित्र घडलें त्या हाताच्या धन्यास त्याविषयीं जें ठाऊक असतें तें दुसऱ्या कोणास ठाऊक असणें शक्य नाहीं. प्रश्न बोलावें कीं नाहीं हा नसून, कशाविषयीं, कोणापाशीं आणि केव्हां बोलावें हा आहे. या तिन्ही प्रश्नांवर व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्याइतका भरंवशाचा साक्षीदार मला दुसरा आढळलेला नाहीं.

व्हॅन गॉगचीं आठशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक धाकटा भाऊ थिओ यास लिहिलेलीं आहेत. १८८८ च्या ऑक्टोबरांत दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गांवीं त्यानें आपल्या निजावयाच्या खोलीचें चित्र काढलें व त्याची हकीकत भावास कळविली. या चित्रांत सर्व कार्य रंगानेंच करावयाचें आहे. चित्र पाहून मनास विसावा मिळावा, हा हेतु आहे. सावल्या गाळल्या आहेत आणि जपानी छापचित्रांप्रमाणें रंग सपाट लावले आहेत, असें तो सांगतो. मग खोलीतील एकेक वस्तु घेऊन तिचा रंग देतो. भिंती फिक्या जांभळ्या, पलंग लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. चित्रांत पांढरा रंग नाहीं म्हणून चौकट पांढरी असावी, हें सांगावयासही तो विसरत नाहीं. पलंग म्हणजे एकाकीपणा आणि खिडकी म्हणजे आशा, असली भाषा या वर्णनांत नाहीं. तरीही हें पत्र वाचल्यावर डोळा अधिक जागा होतो.

या पत्राची किंमत पुढें काळानेंच ठरविली. चित्रांतील तांबडा रंग कच्चा होता. तो उडून गेला, आणि आज त्या भिंती निळ्या दिसतात. जांभळी भिंत व पिवळा पलंग यांचा जो मेळ त्यानें योजिला होता तो आतां चित्रांत पूर्ववत् राहिलेला नाहीं. त्याचा पत्ता पत्रांतून लागतो. चित्रकाराच्या शब्दांनीं चित्राची सेवा करावयाची तर ती अशी!

परंतु व्हॅन गॉग केवळ रंगांचा जमाखर्च लिहीत नव्हता. त्याचे मनोरथही पत्रांतून उमटतात. १८८८ च्या डिसेंबरांत त्यानें आर्ल येथील टपालखात्यांत काम करणाऱ्या रूलँ याच्या पत्नीचें, ऑगस्टीनचें, चित्र आरंभिलें आणि पुढील कांहीं महिन्यांत त्याच्या एकूण पांच आवृत्त्या केल्या. चित्रांत हिरवीं वस्त्रें ल्यालेली एक भरदार बाई खुर्चींत बसली आहे. मागें फुलांनीं गजबजलेला भिंतीचा कागद, खालीं तांबडी जमीन, आणि तिच्या हातांत एक दोरी. बाईचें मूल त्या वेळीं अवघें पांच महिन्यांचें होतें. चित्राचें नांव ‘ला बेर्सूझ’, म्हणजे पाळणा हलविणारी. पाळणा मात्र चित्रांत कोठेंही नाहीं. पाश्चात्त्य प्रेक्षकास या दोरीचा उलगडा करून द्यावा लागत असेल. आपल्याकडे ज्यानें आईला एका हातानें पाळण्याची दोरी ओढीत दुसऱ्या हातानें तांदूळ निवडतांना पाहिलें आहे, त्याला चिठ्ठी वाचण्याची गरज नाहीं.

या चित्रामागील कल्पना त्यानें भावास १८८९ च्या जानेवारींत लिहिली. पिएर लोती याच्या कादंबरींतील कोळ्यांप्रमाणें आइसलंडच्या समुद्रावर एकाकी पडलेल्या खलाशांच्या खोलींत हें चित्र टांगलेलें असावें. नाव डोलूं लागली कीं त्या दणकट पुरुषांस आपण पाळण्यांत झुलत आहों असें वाटावें आणि लहानपणचीं अंगाईगीतें आठवावींत, ही त्याची इच्छा. चित्र बाजारांतल्या स्वस्त रंगीत छापाप्रमाणें दिसेल हेंही तो मोकळेपणानें कबूल करतो. असे छाप विकत घेणारे साधे लोक मोठमोठ्या प्रदर्शनांना जाणाऱ्या कांहीं शहरी रसिकांपेक्षां मनानें अधिक खरे असतील, असें त्यास वाटतें. ज्या महाराष्ट्रांत १८९४ सालीं मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर चढल्या, तेथील वाचकांस या म्हणण्यांतील मर्म वेगळें सांगावयास नको.

आतां टीकाकाराचें कर्तव्य असें कीं, हें सुंदर पत्र क्षणभर बाजूस ठेवून चित्राकडे पाहावें. तसें पाहतां मला त्यांत समुद्र दिसत नाहीं, खलाशीही दिसत नाहींत. मागील फुलें तर अंगाईच्या मानानें फारच मोठ्यानें बोलतात. ज्याला तेथें लाटांचा आवाज ऐकूं येतो, तो चित्र पाहत नसून पत्र पाहत आहे, असें मी म्हणेन. परंतु पत्रांत नसलेली एक गोष्ट चित्रांत आहे, आणि ती मोठी आहे. पाळणा चौकटीच्या बाहेर ठेवल्यामुळें त्याची जागा रिकामी राहिली आहे आणि त्या जागीं आपण उभे आहोंत. बाईची नजर आपल्याकडे नाहीं. बाळाकडे न पाहतां सवयीनें दोरी ओढणाऱ्या, दमलेल्या आईची ती नजर आहे. खलाशांचें स्वप्न चित्रकाराच्या मनांत होतें. हें दमलेपण त्याच्या हातानें टिपलें. मनोगत आणि कलाकृति यांत असें अंतर राहतें, आणि रसिकाचें खरें काम त्या अंतरांतच असतें. मनोगत हें चित्राचें शेवटचें उत्तर धरलें, तर हें काम सुरूंच होत नाहीं.

प्रदर्शनाची वेळ आली तेव्हां हाच पत्रलेखक किती मितभाषी झाला, तेंही पाहण्यासारखें आहे. ब्रुसेल्स येथें १८९० च्या जानेवारींत भरावयाच्या प्रदर्शनाचें निमंत्रण आल्यावर त्यानें आपल्या सहा चित्रांची यादी पाठविली. ठरवून दिलेल्या जागेहून तीं थोडी अधिक जागा घेतील, पण सहा एकत्र लावल्यास रंगांचा विविध परिणाम साधेल, एवढेंच त्यानें सुचविलें. त्याच महिन्यांत आल्बेर ओरिए या तरुण टीकाकारानें त्याच्यावर स्तुतिपर लेख लिहिला. उत्तरादाखल त्यानें आभार मानले, या स्तुतीचा मोठा वांटा माँतिसेली व गोगँ यांचा आहे असें कळविलें, आणि सुरूच्या झाडांचें एक चित्र भेट देऊं करून त्याला भडक शेंदरी रंगाची साधी, सपाट चौकट करावी असें सुचविलें. आपल्या चित्रांचा गूढार्थ उलगडण्याची अशी संधि मिळाली असतांही तो चौकटीच्या रंगाविषयीं बोलतो! हृद्गत भावापाशीं आणि व्यवहार लोकांपाशीं, हा त्याचा विवेक होता.

हा विवेक त्याच्या मागें आणखी एका व्यक्तीनें राखिला. १८९० च्या जुलैंत व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची तरुण विधवा योहाना हिच्या पदरीं एक तान्हें मूल, शेंकडों न खपलेलीं चित्रें आणि पत्रांची ती रास आली. पत्रें लागलीच छापतां आलीं असतीं. करुण कथेला गिऱ्हाईक केव्हांही मिळतें. पण त्याच्या कामाची योग्यता ओळखली जाण्यापूर्वीं त्याच्या जीवनाविषयीं कुतूहल जागें करणें हा मृतावर अन्याय होईल, असें तिचें मत होतें. तिनें प्रथम चित्रें दाखविलीं. १९०५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें तिनें चारशेंहून अधिक कृतींचें प्रदर्शन भरविलें, आणि पत्रें आलीं तीं १९१४ सालीं. आधीं चित्र, मग शब्द, हा क्रम या बाईनें सुमारें पाव शतक धीर धरून पाळला. आज तो आपण उलटा केला आहे.

त्या पाळण्याच्या चित्राविषयीं त्याची आणखी एक इच्छा होती. १८८९ च्या मे महिन्यांत एका पत्रांत छोटी आकृति काढून त्यानें दाखविलें कीं, मध्यें ती बाई असावी आणि देवघरांतील समयांप्रमाणें दोन्ही बाजूंस सूर्यफुलांचें एकेक चित्र असावें. म्हणजे शेजारच्या पिवळ्यामुळें तिच्या चेहऱ्याचा व केसांचा रंग उजळेल. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें २०२४ च्या सप्टेंबरांत उघडलेल्या प्रदर्शनांत बोस्टनची ‘बेर्सूझ’ आणि तिच्या दोहों अंगांस लंडन व फिलाडेल्फिया येथील सूर्यफुलें अशीं तिन्ही चित्रें त्याच्या सांगण्याप्रमाणें मांडलीं. एकशें पस्तीस वर्षांनंतरही कामीं आलें तें मनोगत कोणत्या प्रकारचें होतें, हें येथें ध्यानांत घ्यावें. चित्राचा अर्थ काय हें त्या आकृतीनें सांगितलें नव्हतें. चित्र कोठें, कशाशेजारीं ठेवलें असतां डोळ्यांस नीट दिसेल, हें सांगितलें होतें.

आपल्या चित्रकारांस माझी विनंति एवढीच कीं, त्यांनीं अवश्य बोलावें. पण चित्राच्या वतीनें बोलूं नये. रंग, जागा, चौकट, पुसून टाकलेलें आणि साधलेलें यांविषयीं त्यांच्याकडून शिकावयास आम्ही उत्सुक आहों. आणि वाचकांस विनंति अशी कीं, पुढच्या प्रदर्शनास जाल तेव्हां मुलाबाळांना बरोबर न्या, आणि चिठ्ठीकडे वळण्यापूर्वीं त्यांना विचारा, “हिच्या हातांत दोरी कसली असेल बरें?” उत्तर बहुधा चुकणार नाहीं. चुकलेंच, तरी तें चित्राकडे पाहून चुकलेलें असेल.