कारखान्याच्या फाटकाशी थांबणारा आयोग : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

विकसनशील देशांतील राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबतात : आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत किंवा नाहीत? मणिपूरमधील चकमकींच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'दात नसलेला वाघ' या विशेषणाची दखल घेतली आणि तेव्हापासून ते चर्चासत्रांतून इतके फिरले आहे की त्यापलीकडचा विचारच खुंटला. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. औद्योगिक पट्ट्यात आयोगाची अडचण शिफारशीच्या कितीतरी आधी, तक्रार दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच सुरू होते. आणि ती सर्वस्वी कायद्याने लादलेली नाही.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये राष्ट्रीय आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी आणि महाराष्ट्र राज्य आयोग २००१ मध्ये अस्तित्वात आला. या अधिनियमाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कोठडी, तुरुंग आणि पोलीस ठाणे होते. कलम १२ प्रमाणे आयोग चौकशी करतो ती हक्कभंगाची, त्यास दिलेल्या प्रोत्साहनाची अथवा तो रोखण्यात लोकसेवकाने केलेल्या निष्काळजीपणाची. हा तिसरा भाग फारसा वाचला जात नाही, म्हणून येथे त्याकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे.

या पट्ट्यातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचा मृत्यू झाला. गोळी झाडणारा लोकसेवकच असल्याने हे प्रकरण अधिनियमाच्या चौकटीत तंतोतंत बसते. शासनाने न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. कलम २१(५) चे परंतुक असे, की एखादा विषय कायद्याने स्थापन झालेल्या अन्य आयोगापुढे असेल तर राज्य आयोगाने त्याची चौकशी करू नये. म्हणजे चौकशी आयोग नेमण्याचा शासनाचा निर्णय, त्यामागील हेतू कितीही प्रामाणिक असला तरी, स्वतंत्र संस्थेचा दरवाजा लावून घेऊ शकतो.

दुसरी घटना ८ डिसेंबर २०२३ ची. तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका छोट्या युनिटला आग लागली. सहा महिला कामगार जागीच मरण पावल्या, पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. ही जागा परवान्याशिवाय वापरात असल्याचे नंतर समोर आले. येथे गोळी नाही, कोठडी नाही. मालक खाजगी आहे. राष्ट्रीय आयोगाच्या कार्यपद्धती विनियमांत ज्या तक्रारी सर्वसाधारणपणे स्वीकारू नयेत त्यांच्या यादीत सेवाविषयक बाबी आणि कामगार अथवा औद्योगिक वाद यांचा समावेश आहे. दारूकामाशेजारी बसवलेल्या बाईच्या जिवाचा प्रश्न 'औद्योगिक वाद' या खणात टाकणे भाषेच्या दृष्टीनेही विचित्र आहे. परंतु तक्रार कशी लिहिली जाते यावर तिचे भवितव्य ठरते. मालकाविरुद्ध लिहिली तर ती परत जाईल. आणि परवाना नसताना युनिट चालू कसे राहिले, असा प्रश्न महापालिका, अग्निशमन विभाग व कारखाना निरीक्षक यांना विचारत लिहिली, तर ती कलम १२ मध्ये बसते.

हे केवळ तार्किक कौशल्य नव्हे. गुजरातमधील गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या खाजगी कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने मृत्यू पावलेल्या मध्य प्रदेशातील आदिवासी कामगारांच्या बाबतीत राष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये हाच मार्ग घेतला. कारखानदार खाजगी, पण धूळ रोखण्याचे कर्तव्य ज्यांचे होते ते अधिकारी शासनाचे, अशी ती मांडणी होती. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात शासनाला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. दात न्यायालयाने पुरवले हे खरे; मात्र प्रकरण उभे केले ते आयोगानेच. भोसरीच्या फाउंड्रीत साच्यांची वाळू हाताळणाऱ्या कामगाराचे फुप्फुस गोध्ऱ्याच्या कामगारापेक्षा वेगळे नसते.

येथे एक खरी वैधानिक अडचण मात्र आहे. कलम ३६(२) नुसार घटनेनंतर एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. पोलीस कोठडीतील मारहाणीला ही मुदत कदाचित पुरेल. सिलिकोसिस वर्षानुवर्षे मुरतो आणि तोवर कंत्राटी कामगाराने दोन-तीन ठेकेदार बदललेले असतात; त्याचे 'वर्ष' नेमके कोठून मोजावे? २००६ व २०१९ च्या दुरुस्त्यांनी आयोगाच्या रचनेला आणि कार्यकाळाला हात घातला, या कलमाला नाही.

फिलिपाइन्सच्या आयोगाच्या निष्कर्षांनाही बंधनकारकता नाही. तरीही त्याने २०१५ च्या तक्रारीवरून जगातील मोठ्या तेल, कोळसा व सिमेंट कंपन्यांच्या हवामानविषयक जबाबदारीची चौकशी केली आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. आपल्या राष्ट्रीय आयोगाने २०२४ मध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेतील तरुण कर्मचारीच्या मृत्यूची स्वतःहून दखल घेतली आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे विचारणा केली. नोकरी खाजगी होती म्हणून हात आखडला नाही. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आलेल्या मृत्यूबाबत जे शक्य झाले, ते चाकणच्या शेडमध्ये बोटे गमावणाऱ्या प्रेस ऑपरेटरबाबत अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९४८ च्या मूळ केंद्रीय अधिनियमात विजेवर चालणाऱ्या युनिटला कारखाना ठरवण्यासाठी १० कामगार पुरेसे होते. आता ती संख्या २० आहे. तपासणी कोणत्या ठिकाणी करावयाची हे संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने ठरवण्याची तरतूदही आहे. ज्या निरीक्षकाची पाळी संगणकाने लावलीच नाही, त्याचा निष्काळजीपणा कलम १२ खाली कसा दाखवावा, हा प्रश्न राज्य आयोगापुढे येणाऱ्या पुढच्या तळवड्यात उभा राहणार आहे.