संशोधनाला सूट मिळाली, उत्तरदात्याचं काय?

खासगीपणाच्या हक्कावर सिनॉप्सिस लिहायचा म्हटलं की पहिल्या पानावर पुट्टस्वामी निकाल येतोच. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ, कलम २१. सगळं बरोबर. पण आपण प्रश्नावली घेऊन ज्यांच्या दारात जातो त्यांनाही हा हक्क आहे, हे मात्र संशोधन पद्धतीच्या प्रकरणात क्वचितच दिसतं. म्हणून आज डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधली एकच तरतूद तपासू: कलम १७(२)(बी).

संशोधन, अभिलेखन किंवा सांख्यिकीसाठी आवश्यक असलेल्या माहितीच्या वापराला हा कायदा लागू होत नाही, असं हे कलम सांगतं. अटी दोन: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. ही मानकं नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत आली. गरजेपुरतीच माहिती घ्या, गरज असेपर्यंतच ठेवा, सुरक्षित ठेवा, असं त्यांचं स्वरूप आहे.

सूट हवीच. जुन्या दप्तरांवर काम करणारा इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक नावाची संमती कुठून आणणार? माझा आक्षेप वेगळा आहे. २०१९ च्या विधेयकातही संशोधनाला सूट होती, पण तिथं आणखी अटी होत्या. निनावी माहितीवर काम भागत असेल तर सूट नाही. ओळख पटवणारे तपशील काढायचे. व्यक्तीला मोठी हानी होण्याचा धोका नको. हे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि नव्या कायद्यात या तीनही अटी गळाल्या. 'व्यक्तीविषयी निर्णय नको' ही अट राहिली. पण निर्णय संशोधक घेतच नाही. प्रबंध वाचणारा दुसराच कोणी घेतो.

आता सोलापुरात या. बिडी कामगार स्त्रिया हा आपल्याकडचा नेहमीचा विषय. समजा, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तुम्ही मुलाखती घेतल्या. नावं काढून टाकली. तरी तक्त्यात राहिलं: वय ५२, विधवा, तेलुगू मातृभाषा, क्षयरोग, मुलगा यंत्रमागावर, सावकाराचं कर्ज. आणि शेजारी तिचं म्हणणं, की छाट म्हणून बिड्या बाजूला काढतात आणि मजुरी पूर्ण देत नाहीत. दहा हजार घरांची वसाहत असली, तरी तिच्या गल्लीला आणि कारखान्याच्या माणसाला ही बाई कोण ते लगेच कळेल. उद्या तिला पान-तंबाखू मिळालं नाही, तर कोणतं कलम तिच्या कामाला येणार?

ही भीती नवी नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी विद्यार्थिनी असतानाच, १९९० च्या दशकात, नावं काढलेल्या आरोग्य नोंदी मतदार यादीशी जुळवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढं पुरलं.

आपल्याकडे भर पडते ती शोधगंगेची. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात असायचा. आता तो परिशिष्टासकट मोबाईलवर उघडतो. प्रबंध खुले असणं चांगलंच आहे, पण उत्तरदात्यांची यादी आणि फोटो त्यात कशाला? आणि 'मी तर कागदावर अनुसूची भरली' असं म्हणून सुटता येत नाही. कागदावरची माहिती नंतर एक्सेलमध्ये भरली, की ती या कायद्याच्या व्याप्तीत येते.

मग करायचं काय? कायदा मागत नसला तरी संमती घ्या, तिला समजेल त्या भाषेत. वय गटात लिहा, वसाहतीऐवजी तालुका लिहा. नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी वेगळी ठेवा. सादर करण्याआधी प्रत्येक तक्ता तिच्या शेजारणीच्या नजरेनं वाचा.

आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, विषय शोधताय ना? २०१९ चं कलम ३८ आणि २०२३ चं कलम १७(२)(बी) शेजारी-शेजारी ठेवा. गाळलेल्या अटी पुट्टस्वामी निकालातल्या प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर तपासा. याच प्रश्नावर एक प्रबंध उभा राहू शकतो.