सहा पेन्सचा वारा : बेसी मिलीची दंतकथा आणि स्कॉटची नॉर्ना

ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेस या बंदरातील बेसी मिली या स्त्रीची दंतकथा व वॉल्टर स्कॉटने तिचे केलेले वाङ्मयीन रूपांतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हडसन बे कंपनीची जहाजे अटलांटिक ओलांडण्यापूर्वी याच बंदरात पाणी भरत व खलाशी घेत. अशा बंदरात ही वृद्धा सहा पेन्स घेऊन खलाशांना अनुकूल वारा विकत असे. १८१४ मध्ये दीपगृहांच्या पाहणी-सफरीत स्कॉट तिला टेकडीवरील तिच्या घरी भेटला. १८२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'द पायरेट' या कादंबरीतील नॉर्ना ही त्या भेटीतून घडली.

नॉर्ना भव्य आहे, यात वाद नाही. प्राचीन नॉर्स कुळ, पित्याच्या मृत्यूला आपण कारण झालो ही टोचणी, वादळांवरील हुकमतीचा भ्रम असे रोमँटिक प्रतिभेला हवे ते सारे तिच्यात आहे. परंतु या भव्यतेत मूळचा रोकडा व्यवहार मात्र हरवतो. बेसी किटली उकळी व जहाजासाठी प्रार्थना करी. आपण कोणतीही निषिद्ध विद्या वापरत नाही, असे ती आवर्जून सांगे. वारा हमखास येई. कधी कधी थोडी वाट पाहावी लागे, इतकेच! हे सर्व स्कॉटनेच १८३१ च्या प्रस्तावनेत नोंदविले आहे.

निषिद्ध विद्येचा हा इन्कार स्कॉटला गमतीचा वाटला असावा. वास्तविक त्यामागे मोठा इतिहास आहे. सहाव्या जेम्स राजाच्या सागरी प्रवासात वादळे उठविल्याच्या आरोपावरून अ‍ॅग्नेस सॅम्पसन हिचा छळ करून १५९१ मध्ये तिला देहान्त शासन देण्यात आले. चेटूकविरोधी कायदा रद्द झाला तो १७३६ मध्ये. स्कॉट बेसीचे वय नव्वदीच्या पुढचे सांगतो. ते खरे मानल्यास त्या वेळी ती जाणती मुलगी असली पाहिजे. ज्या श्रद्धेने एकीचा जीव घेतला तिच्यावरच दुसरी उदरनिर्वाह करीत होती. म्हणूनच तिच्यासाठी मराठीतील 'चेटकीण' हा शब्द योजण्यास मन धजत नाही; तो आरोपकर्त्यांचा शब्द आहे.

स्कॉटला मात्र बेसीच्या डोळ्यांतही वेडाची झाक दिसली. कादंबरीत ती झाकच व्यक्तिरेखेचा गाभा बनली. अखेरीस नॉर्ना भानावर येते, धारण केलेले नाव टाकते आणि पुन्हा उल्ला ट्रॉइल होते. बेसीला टाकण्यासारखे दुसरे नावच नव्हते.