गांधी-मुद्रा : पदक कीं नाणें ?

वडिलोपार्जित पेटींत महात्मा गांधींची मुखाकृति असलेली रुप्याची चकती निघाली, म्हणजे कडेचे ‘१८६९–१९४८’ हे अंक वाचून तिला १९४८ चें पदक ठरविण्याचा मोह होतो. हिंगोलीकडे हा मोह विशेष बळावतो. कारण तो मुलूख १७ सप्टेंबर १९४८ रोजींच निजामी अमलांतून मुक्त झाला. परंतु हे अंक जन्ममृत्यूचे आहेत. पाठीमागें सिंहशीर्ष व ‘१०’ हा मूल्यांक असल्यास तें जन्मशताब्दीनिमित्त १९६९ सालीं काढलेलें सरकारी नाणें होय. वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, रुपें शेंकडा ८०. म्हणजे शुद्ध रुपें १२ ग्रॅम. त्याच शताब्दीचा रुपया निकेलचा आहे. त्यास रुप्याचा भाव लावूं नये. कडी डकविल्यानें नाण्याचें पदक होत नाहीं, संग्राहकाच्या लेखीं किंमत मात्र उतरते; घासल्यानेंही तेंच. नाणें १९६९ चें ठरलें म्हणून वडिलांचें देशकार्य खोटें ठरत नाहीं. त्याचा पुरावा तुरुंगाचे दाखले, पत्रें व १९७२ सालचीं ताम्रपटें यांत शोधावा. चकतीसोबतचा जीर्ण कागद टाकून देणें, हीच आमच्या मतें खरी हानि होय.